मिसरीची डबी आणि पाण्याचं बॅरल

मी दातांची डॉक्टर आहे. सोलापुरात गेली अठरा वर्षं दवाखाना चालवते. माझी मावशी विडी कामगार. बाराव्या वर्षापासून तिनं विड्या वळल्या आणि त्याच पैशातून तिच्या दोन मुलांबरोबर मलाही शिकवलं, कारण माझी आई लवकर गेली. मावशी आता सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहते. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचं वाटप झालं. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आली त्या दिवशी मावशीनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि संध्याकाळी दारात बसून निवांत मिसरी लावली.

मिसरी म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना चोळायची. मावशीची डबी पत्र्याची आहे. झाकणावरचा रंग कधीच उडून गेलाय. तिच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर कायमचं तपकिरी झालंय, आंघोळीनंतरही तसंच दिसतं. मध्यंतरी एका रविवारी त्या डबीवरून आमचा वाद झाला. तो इथं मांडते आहे, कारण हा वाद सोलापुरातल्या हजारो घरांत व्हायला हवा.

मी : मावशी, ती डबी आता बंद कर गं.

मावशी : का बंद करू? तुझ्या दवाखान्यात रोज माणसं गाल धरून येतात, ती सगळी पेस्टवालीच असतात की. माझं बघ. अडुसष्टावं लागलं, समोरचे सगळे दात जाग्यावर हायत. कडक भाकरी अजून चावून खाते.

मी : खातेस, पण उजव्या बाजूनं. डावीकडच्या दोन दाढा गेल्या, तिसरी हलते. समोरचे दात लांब दिसतात ते वाढले म्हणून नाही. हिरडी खाली सरकली आणि मुळं उघडी पडली, म्हणून. गार पाणी लागलं की कळ येते ना?

मावशी : कळ येते. पण रक्त कधी आलं न्हाई. मिसरीनं हिरड्या घट्ट राहतात.

मी : रक्त येत नाही म्हणूनच मला काळजी वाटते. निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दुसऱ्या कुणाची हिरडी सुजली की ब्रश लागताच रक्त येतं, माणूस घाबरतो, डॉक्टरकडं जातो. तुझी हिरडी आतून सडली तरी बोलत नाही. आतलं हाड झिजत जातं आणि एक दिवस दात सुटून हातात येतो.

मावशी : आणि दाढ ठणकते तेव्हा? मिसरी लावली की दहा मिनिटांत थांबतं.

मी : तंबाखूची तार येते, दुखणं तेवढ्यापुरतं विसरतं. कीड तिथंच राहते.

मावशी : आमच्या आईनं लावली, आजीनं लावली. ही तुमची पेस्ट कालची.

मी : तंबाखूसुद्धा आपली नाही गं. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली, त्याला चारशे वर्षं झाली. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत दातवण सांगितलंय. तुरट, तिखट किंवा कडू चवीच्या झाडाची काडी घ्यावी, टोक ठेचावं, दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये. दोन वेळा! आज आम्ही पेशंटला तेच सांगतो. जुनंच धरायचं तर ते जुनं धर. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आहे. तुझ्या तव्यावर मात्र कुठला कायदा येणार? तिथं तुझाच हुकूम चालतो.

मावशी जरा वेळ गप्प बसली. मग तिनं जे सांगितलं, ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मावशी : तुला खरं सांगू? दातासाठी कोण लावतंय! सकाळी मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई, डोकं धरतं. आणि तवा तर हजार विड्या पुऱ्या करायच्या असायच्या. पानं भिजवा, कापा, भरा, वळा, दोरा गुंडाळा. वर कारखान्यात नेल्या की त्यातल्या छाटीत जायच्या, म्हणजे त्यांचे पैसे न्हाईत. दुपारची भाकरी तुम्हा पोरांना पुरायला पायजे. भूक लागली की मी डबी उघडायची. मिसरीनं भूक मरते.

मला आठवलं. आम्ही तिघं जेवायचो आणि मावशी पाठ करून, सूप मांडीवर घेऊन बसायची. ती नंतर जेवत असेल, असंच मला वाटायचं. मी रोज वीस पेशंटना 'तंबाखू सोडा' म्हणते आणि पुढच्या पेशंटला आत बोलावते. ती तोंडात का आली, हे मी किती जणांना विचारलं?

२०१६-१७ मध्ये झालेल्या तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे निघाले, आणि न ओढता तोंडात धरणारे, चघळणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याची तंबाखू फुप्फुसापेक्षा तोंडात जास्त आहे. दातांच्या डॉक्टरनं याकडं पाठ फिरवली, तर कुणी बघायचं?

एवढ्यात मावशीचा नातू खेळून आला. वय सहा. हातात बिस्किटाचा पुडा. मावशीनं त्याला जवळ ओढलं आणि त्याचा ओठ वर केला.

मावशी : आता हे बघ. पैल्यापासून पेस्ट, ब्रश, त्यावर वाघाचं चित्र. आणि दाढा काळ्या! मिसरी तर यानं कधी बघितली न्हाई. बोल आता.

मी : यात तू बरोबर आहेस. याचे दात बिस्किटांनी गेले.

मावशी : आमच्या टायमाला चहात गूळ, तोसुद्धा दिवसातनं दोनदा. बाकी ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगाची चटणी. चावून चावून जबडा दुखायचा.

मी : म्हणूनच तुझे दात टिकले, मिसरीमुळं नव्हे. भाकरी चावताना लाळ सुटते आणि लाळ दात धुते. बिस्किटाचा लगदा मात्र दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि दात विरघळायला लागतो. गोड खाल्ल्यावर तोंड पूर्ववत व्हायला अर्धा तास तरी लागतो. हा दर तासाला एक बिस्किट खातो, म्हणजे दिवसभर याच्या तोंडात पुन्हा पुन्हा आम्ल. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर, एकदाच. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, गाजर, काकडी.

मावशी : दुधाचे दात हायत, पडणारच की. एवढं काय?

मी : सगळे दुधाचे नाहीत. ही मागची दाढ बघ, नुकतीच वर आली आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं ही येते. कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ही कायमची. ही किडली तर दुसरी येणार नाही. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या आया हिलाच दुधाची दाढ समजतात.

मी पोराला मांडीत घेतलं, त्याचं डोकं माझ्या छातीला टेकवलं आणि मावशीला दाखवलं. ब्रश मऊ हवा. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं ब्रश तिरका ठेवायचा आणि हळू फिरवायचा. भांडी घासल्यासारखा नाही. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूनं, दोन मिनिटं. मग थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे पेस्टमधलं औषध दातावर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्या माणसानं करायचं. पोराच्या हातात ब्रश दिला की तो फेस चाटतो, दात घासत नाही. आणि दोन वेळांपैकी एकच जमणार असेल तर रात्रीची धरा. झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंडात राहिलेला घास रात्रभर काम करतो.

मावशी : दोन-दोन वेळा घासायला पाणी कुठनं आणू?

मी : एक फुलपात्र पुरतं. नळ सोडून दात घासायची चैन आपल्या सोलापूरला कुठं परवडते!

पाण्याचा विषय निघाला आणि वाद दातांवरून घरावर गेला. सोलापूर शहराला उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं, आणि नळाला वर्षानुवर्षं तीन-चार, कधी पाच दिवसांआड. मावशीकडंही रोज येत नाही. म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, घागरी, कळशा. पाणी साठवणं इथं बाईच्या हुशारीचं काम मानलं जातं. भरलेलं बॅरल ओतून दे म्हटलं तर सोलापूरची बाई ऐकणार नाही, आणि तिनं का ऐकावं?

मी : मावशी, तुझ्या बॅरलमध्ये अळ्या आहेत.

मावशी : असू देत की. वापरायचं पाणी हाय. प्यायचं येगळं, फडक्यानं गाळते.

मी : त्या डेंग्यूच्या डासाच्या असू शकतात. त्या डासाला गटार लागत नाही, स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. तो दिवसा चावतो. पोरगा दुपारी इथंच झोपतो ना?

मावशी : मग ओतून देऊ काय? पाणी परवा येणार, तवर काय करू? तुम्हाला सांगायला काय जातंय!

मी : ओतू नकोस. फडक्यानं गाळून वापर, अळ्या बाहेर मातीत टाक.

मावशी : ते तर मी पाणी यायच्या आदल्या रात्री करतेच. तळाचं पाणी गाळून बादलीत घेते, संडासाला वापरते. सकाळी बॅरल मोकळं असतं.

मी थांबले. घरोघर फिरणाऱ्या आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. पाणीच नसलेल्या गावात हे कसं जमायचं, असा लोकांचा सवाल असतो. त्याचं उत्तर मावशीकडं होतं. पाणी यायच्या आदल्या रात्री बॅरल तसंही तळाला लागलेलं असतं. कोरडा दिवस तोच धरायचा. तिच्या रिवाजात फक्त एक गोष्ट राहून जात होती.

मी : रिकामं करतेस, पण आतून घासतेस का?

मावशी : विसळते.

मी : विसळून भागत नाही. हा डास पाण्याच्या काठाशी, बॅरलच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पाणी लागलं की फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. काथ्यानं किंवा ब्रशनं आतली भिंत खरडून काढ, उन्हात पालथं घाल. मग भर आणि तोंडाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांध.

मावशी : म्हणजे दातागत. विसळून न्हाई, घासूनच.

मी : अगदी तसंच. दातावरचा थरही चूळ भरून जात नाही.

पोराच्या झोपण्याच्या जागेवरून आणखी एक गोष्ट निघाली. मावशीचं घर आरशासारखं असतं. अंथरूण रोज उन्हात, भांडी पालथी, फरशी लख्ख. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता असं मला एके काळी वाटायचं. ऊन आणि कोरडेपणा त्याच्यापेक्षा जास्त काम करतात, हे मी तिच्याकडूनच शिकले. संडास घासायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र ती एकदमच टाकायची. त्यातून विषारी वायू निघतो, छाती भरून येते. ते मी त्याच दिवशी बंद करायला लावलं. पण त्या लख्ख घरात एक कोपरा होता आणि त्यावर बोलणं मला जड गेलं. मावशीची सून अजून विड्या वळते. तिथं सूप, तंबाखूचा डबा, भिजलेली पानं. पोराची सतरंजी त्याच्या शेजारी.

मावशी : आता त्या धंद्यालाबी नावं ठेवणार काय? तुझी फी त्याच कोपऱ्यातनं गेली.

मी : नावं ठेवणार नाही. मी त्याच सुपाच्या आधारानं उभी राहिले. सुनेला उद्या दुसरं काम मिळालं तर मला आनंदच होईल, पण ते मिळेपर्यंत विडी वळायला तिला कोण नको म्हणणार? पण मावशी, तंबाखूचं निकोटिन हाताच्या कातडीतूनही अंगात जातं. तिची धूळ श्वासातून जाते. वळणाऱ्या बाईला ते टळत नाही, पोराला तरी टाळता येईल.

मग आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. विड्या दाराजवळ, वाऱ्यात वळायच्या, पोराची सतरंजी आतल्या खोलीत. तंबाखूचा डबा घट्ट झाकणाचा. वळायला बसताना अंगावर एक जुनी साडी वेगळी, ती उठल्यावर झटकायची नाही, धुवायची. कोपरा कोरड्या केरसुणीनं झाडायचा नाही, कारण धूळ उडून भाकरीवर बसते. ओल्या फडक्यानं पुसायचा. पीठ मळण्याआधी, पोराला भरवण्याआधी साबणानं हात धुवायचे. आणि भाकरीच्या तव्यावर तंबाखू भाजायची नाही. शेवटची गोष्ट सुनेनंच सांगितली. तिला तो वास कधीच आवडत नव्हता, पण सासूबाईंना बोलायचं कसं!

निघताना मी मावशीला दारातल्या उजेडात बसवलं. तिनं आढेवेढे घेतले, मग तोंड उघडलं. मी ओठ बाहेर ओढून बघितला, गाल आतून बघितले, जीभ वर करायला सांगितली, मग दोन्ही कडा, टाळू. गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठ लागते का ते चाचपलं. खालच्या ओठाच्या आत, ती मिसरी दाबून धरते तिथं, पांढरा चट्टा होता. ज्वारीच्या चार दाण्यांएवढा, सुरकुतलेला, पुसून न जाणारा. तिला तो दुखत नव्हता.

मावशी : दुखत न्हाई तर मग काय हाय?

मी : कॅन्सरसुद्धा सुरुवातीला दुखत नाही, मावशी.

हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, हे तिला माहीत होतं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणीही तिथंच, १९८७ मध्ये सुरू झाली. म्हणजे देशातल्या खेड्यांपैकी या भागातल्या गावांत हा रोग सगळ्यांत आधी मोजला गेला. मोजणाऱ्यांनी आपलं काम केलं. तोंड उघडून बघायचं काम आपल्याकडं राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. तंबाखूनं जाड झालेली कातडी होती. तंबाखू थांबली तर बहुधा मागं सरते, चालू राहिली तर पुढं कुठं जाईल याची खात्री नाही. मावशीनं कागद हातात धरला आणि विचारलं, "मग पोटाचं काय करायचं?" या वेळी मी पुढच्या पेशंटला बोलावलं नाही. बसून सांगितलं. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप उडेल. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, म्हणजे पोट तंबाखूवाचून चालायला शिकतं. तलफ आली की पाच मिनिटं काढायची, ती आपोआप उतरते. तेवढ्यात बडीशेप चघळायची, दारात एक फेरी मारायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी वेळेवर जेवायचं. आता भाकरी सगळ्यांना पुरते.

दहाव्या दिवशी एका लग्नात तिनं कुणाच्या तरी डबीत बोट घातलं. तिनंच फोन करून सांगितलं. मी रागावले नाही, पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायला सांगितले. आज सात आठवडे झाले. चट्टा पुसट झालाय. हलणारी दाढ काढावी लागली. त्या दाढेचं आयुष्य संपलं होतं. पोराच्या कायमच्या दाढेच्या खाचा मी दातांच्या सिमेंटनं भरल्या. बॅरल पाणी यायच्या आदल्या रात्री आतून घासलं जातं.

वाचकहो, यातल्या कशालाही फार पैसा लागला नाही. तुमच्या घरात मिसरी लावणारी आई, सासू, मावशी, आजी असेल तर तिला आज उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, उभी तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं एक जरी दिसलं तरी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरकडं न्या. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि तिला रागावण्याआधी एकदा विचारा, ही डबी पहिल्यांदा कधी उघडली होती. तिचं उत्तर ऐकून घ्या, मगच सोडायला सांगा.